मत्स्यटाकीतले पाणी अचानक बिघडते तेव्हा

काल संध्याकाळपर्यंत नीट पोहणारे मासे सकाळी पृष्ठभागाशी गोळा होऊन धापा टाकताना दिसले, की बहुतेक घरांत पुढची कृती ठरलेली असते. मासे बादलीत काढले जातात, टाकी मोरीत नेली जाते, खडी, शोभेच्या वस्तू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला जातो आणि ताजे पाणी भरून मासे परत सोडले जातात. पाणी अगदी नितळ दिसते, आणि तरीही पुढच्या आठवड्याभरात उरलेले मासे एकेक करून मरतात. मग दोष माशांच्या जातीला, नाही तर दुकानदाराला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा त्या साफसफाईचाच असतो. अशा वेळी पाणी बदलावे लागते हे खरे, पण टाकी जशीच्या तशी ठेवून. या दोन गोष्टींत एवढा फरक का पडतो, हे समजण्यासाठी त्या पाण्यात रोज काय चाललेले असते ते थोडे तपशिलाने पाहायला हवे.

मासा शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांमधून सतत पाण्यात सोडत असतो. न खाल्लेले खाद्य, विष्ठा, कुजलेली पाने आणि सजावटीमागे मरून पडलेला एखादा मासा यांपासूनही अमोनियाच तयार होतो. मत्स्यशेतीत वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा आहे, की १ किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच अशा सर्वसाधारण टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता जेमतेम ४५ लिटर पाणी असते. त्यात १ ग्रॅम खाद्य पडले, तर दर लिटरमागे सुमारे ०.७ मिलिग्रॅम अमोनियाची भर पडते, आणि फिल्टर नीट चालत नसेल तर एवढ्यानेही मासे अस्वस्थ होऊ शकतात. गणपतीला गावी जाताना शेजारच्या मुलाकडे खाद्याचा डबा सोपवून गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर टाकी गढूळ आणि वास मारणारी का सापडते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

एरवी हा अमोनिया साचत नाही तो जिवाणूंमुळे. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट माशांना तुलनेने बरेच कमी बाधत असल्याने ते दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात, असे जुन्या माहितीत आढळते. १९९० च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या फिल्टरांमधल्या जिवाणूंची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तिथे प्रामुख्याने नायट्रोस्पायरा सापडले. टाकी सांभाळणाऱ्याने मात्र नावांपेक्षा त्यांचे वास्तव्य लक्षात ठेवावे. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, खडीवर आणि काचेवरच्या बुळबुळीत थरात चिकटून राहतात. म्हणून अर्धे पाणी काढून टाकले तरी त्यांची संख्या फारशी घटत नाही, पण स्पंज क्लोरिन असलेल्या नळाखाली पिळून धुतला तर त्यांचा मोठा हिस्सा जातो. ते वाढतातही सावकाश, आणि नवी टाकी स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात ते त्यामुळेच. घासून लख्ख केलेली जुनी टाकी ही या अर्थाने पुन्हा नवी टाकी असते, फरक एवढाच की तिच्यात पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढलेले मासे असतात.

धापा टाकणारे मासे दिसल्यावर चाचणीच्याही आधी हवेची व्यवस्था करावी. एअर पंप असेल तर तो पूर्ण जोराने चालू करावा, नसेल तर फिल्टरचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर आदळेल असा वळवावा, आणि यांपैकी काहीच नसेल तर मग्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहावे. कारण कोणतेही असो, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाच्या श्वसनावरच घाव घालतात, आणि जादा हवेने नुकसान होत नाही. उष्ण हवामानात तर याला अधिकच महत्त्व आहे: २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो ७.६ पर्यंत उतरतो, आणि माशाची गरज मात्र तापमानाबरोबर वाढत जाते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडच्या टाक्या पहाटे संकटात सापडतात, त्यात या गणिताचा मोठा वाटा असतो. रात्रभर वनस्पती आणि शेवाळही ऑक्सिजनच वापरत असल्याने उजाडताना तो सर्वांत कमी असतो. टाकीत बर्फ टाकून पाणी एकदम गार करू नये. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडणे अधिक सुरक्षित आहे. खाद्य ताबडतोब थांबवावे. निरोगी प्रौढ मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात.

हवेची सोय झाली की शांतपणे दोन गोष्टी तपासाव्यात. त्रास सगळ्या माशांना एकाच वेळी होतो आहे की एखाद्यालाच? एकच मासा कोपऱ्यात बसला असेल तर रोग किंवा मारामारी यांचा विचार करावा. सगळ्या जाती एकदम अस्वस्थ असतील तर संशय पाण्यावर घ्यावा. दुसरी गोष्ट वेळेची. पाणी बदलल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत त्रास सुरू झाला असेल तर क्लोरिन, तापमानातला फरक किंवा सामूतला (दुकानात ज्याला पीएच म्हणतात, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) फरक हे कारण संभवते; नवे मासे आणल्यावर किंवा फिल्टर धुतल्यावर दोन-तीन दिवसांनी झाला असेल तर अमोनिया; आणि नव्या टाकीत पहिले काही आठवडे लोटल्यावर झाला असेल तर नायट्राइट. टाकीत फायटर किंवा गुरामी असतील तर त्यांच्याकडेही पाहावे. या माशांना वरची हवा थेट घेता येते. इतर मासे धापा टाकत असताना ते निवांत असतील तर ऑक्सिजनचा तुटवडा असण्याची शक्यता वाढते. तेही बेचैन असतील तर पाण्यात काहीतरी विषारी आहे असे धरून चालावे.

त्यानंतर चाचणी. अमोनिया, नायट्राइट आणि सामू हे तीन मोजणारे थेंबांचे किट घरात असणे ही चैन नव्हे. अनेक घरांत आरओ यंत्रामुळे टीडीएस मीटर आलेला असतो आणि त्याचा आकडा चांगला आला की पाणी चांगले, असा समज झालेला असतो. तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचा अंदाज देतो. माशांना मारण्याइतका अमोनिया पाण्यात असला तरी त्याचा आकडा फारसा हलत नाही. या कामासाठी तो निरुपयोगी आहे.

आता या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत कमी समजावला जाणारा भाग. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक विद्युतभाररहित अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि अत्यंत विषारी असतो, आणि दुसरे अमोनियम, जे बरेच कमी घातक असते. कोणते रूप किती असेल हे मुख्यतः सामूवर आणि काही प्रमाणात तापमानावर ठरते. २८ अंश तापमानाच्या पाण्याचा सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.७ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग सुमारे ६.५ टक्के होतो. नेहमीचे किट या दोन्ही रूपांची बेरीज दाखवते, त्यामुळे अमोनियाचा आकडा सामूशिवाय वाचण्यात अर्थ नाही. विषारी रूपातला अमोनिया दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेला की कल्ल्यांना इजा होऊ लागते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

याच रसायनामुळे एक सापळा तयार होतो. जिवाणू अमोनियाचे रूपांतर करतात तेव्हा आम्ल निर्माण होते, आणि ते शमवण्यात पाण्यातली बायकार्बोनेटे, जी हौशी मंडळी केएच या नावाने मोजतात, खर्च होत जातात. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता, म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता, संपते. मुंबईसारख्या शहरात तलाव-धरणांचे पाणी मुळात मृदू असते, म्हणजे ही शिल्लक आधीच थोडी असते. आरओचे पाणी वापरणाऱ्यांकडे ती जवळजवळ नसतेच. महिनोन्‌महिने पाणी न बदलता केवळ बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी वरून भरत राहिले, तर एक दिवस ही शिल्लक संपते, सामू ६ च्या खाली घसरतो, जिवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साचू लागतो. तरीही मासे जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनिया कमी घातक अमोनियमच्या रूपात असतो. मालकाला काहीच कळत नाही. मग एखाद्या रविवारी तो उत्साहाने अर्धे पाणी बदलतो.

समजा टाकीत दर लिटरला ४ मिलिग्रॅम एकूण अमोनिया आहे, सामू ६ आहे आणि नळाच्या पाण्याचा सामू ८ आहे. पाणी बदलण्याआधी विषारी अमोनिया सुमारे ०.००३ मिलिग्रॅम होता. अर्धे पाणी बदलल्यावर एकूण अमोनिया २ मिलिग्रॅमवर आला, पण जुन्या पाण्यात सामू धरून ठेवणारे काहीच उरलेले नसल्याने मिश्रणाचा सामू ७.८ च्या आसपास गेला. आता विषारी अमोनिया सुमारे ०.०८ मिलिग्रॅम आहे. एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विष जवळजवळ तीसपट वाढले. ‘चांगले पाणी घातले आणि तासाभरात मासे गेले’ ही तक्रार ऐकून अनेकजण चक्रावतात, पण त्यात गूढ काही नाही.

म्हणून बादली उचलण्याआधी टाकीतल्या आणि नळाच्या, दोन्ही पाण्यांचा सामू मोजावा. फरक थोडा असेल आणि अमोनिया जास्त असेल, तर ४० ते ५० टक्के पाणी एकदम बदलणे योग्यच ठरते, आणि गरज पडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावे. फरक एकापेक्षा अधिक असेल तर घाई करू नये: दर वेळी १० ते १५ टक्के पाणी, काही तासांच्या अंतराने, असे दोन-तीन दिवस चालू ठेवावे, आणि मधल्या काळात फिल्टरमध्ये झिओलाइटची पिशवी ठेवावी. झिओलाइट गोड्या पाण्यातला अमोनिया धरून ठेवते. मात्र त्याच वेळी टाकीत मीठ टाकले तर धरलेला अमोनिया ते परत सोडते, त्यामुळे हे दोन उपाय एकत्र करू नयेत. सामू वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा चमच्याने टाकण्याचा सल्ला दिला जातो. अमोनिया साचलेल्या टाकीत तो धोकादायक आहे, आणि का ते वरच्या हिशेबावरून दिसेलच.

बदलायचे पाणी कुठून येते यावरही बरेच अवलंबून असते. नळाचे पाणी पिण्यास सुरक्षित राहावे म्हणून त्यात क्लोरिन शिल्लक ठेवलेले असते; भारतीय मानकानुसार ते दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी येऊ लागले की त्याची मात्रा अनेकदा वाढवली जाते. माणसाला न जाणवणारे हे प्रमाण माशाच्या कल्ल्यांना आणि स्पंजमधल्या जिवाणूंना पुरेसे घातक असते. त्याहून मोठा धोका सोसायटीची टाकी साफ केल्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, कारण ब्लीचिंग पावडर टाकून धुतलेल्या टाकीतून आलेल्या पहिल्या पाण्यात क्लोरिन किती असेल याचा भरवसा नसतो. टाकी साफ झाल्याची सूचना फलकावर लागली असेल तर त्या दोन दिवसांत मत्स्यटाकीचे पाणी बदलू नये. एरवी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलेल्या पाण्यातले क्लोरिन उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिनचे थेंब किंवा हायपोचे खडे वापरावेत. १ मिलिग्रॅम क्लोरिन निकामी करायला साधारण ७ मिलिग्रॅम हायपो लागते. परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी एक जोड: अमेरिकेतल्या अनेक शहरांत, उदाहरणार्थ सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून, क्लोरिनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचे संयुग, वापरतात. ते बादलीत ठेवून दिवसभरात उडून जात नाही, आणि नुसत्या हायपोने ते फोडले तर अमोनिया मागे उरतो. तिथे दोन्ही हाताळणारे द्रावणच घ्यावे लागते.

उन्हाळ्यात धरणाच्या पाण्याऐवजी सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येऊ लागले, की आणखी एक बदल घडतो. बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्याचा सामूही वेगळा असतो. रंगावरून किंवा वासावरून हा बदल कळत नाही. अशा काळात एका वेळी एकपंचमांशाहून अधिक पाणी बदलू नये.

नायट्राइटचे दुखणे वेगळ्या प्रकारचे आहे. ते रक्तात शिरून हिमोग्लोबिनचे अशा रूपात बदल करते, की त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. येथे मात्र साधे मीठ खरोखर उपयोगी पडते. मिठातले क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्यासाठी नायट्राइटशी स्पर्धा करते आणि त्याला बाहेर अडवते. त्यासाठी क्लोराइड नायट्राइटच्या सुमारे दहापट असावे लागते, आणि १०० लिटर पाण्यात २० ग्रॅम खडे मीठ विरघळवून घातले तर बहुतेक घरगुती प्रसंगांत तेवढे पुरते. मूठमूठ मीठ टाकण्याची गरज नसते. अमोनियावर मात्र मिठाचा असा उपयोग होत नाही.

वीज जाणे हेही पाणी बिघडण्याचे मोठे कारण आहे. फिल्टर थांबला की स्पंजमधल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळेनासा होतो, आणि बंद डब्यासारख्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तासांतच आतले पाणी सडू लागते. वीज परत आल्यावर तो तसाच चालू केला तर ते सडके पाणी टाकीत येते. आधी त्यातले पाणी ओतून द्यावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. असा लांबलेला खंड असेल तर स्पंज फिल्टरमधून काढून सरळ टाकीच्या पाण्यात सोडावा. छोटा एअर पंप अवघे तीन ते पाच वॉट घेतो, तेव्हा घरात इन्व्हर्टर असेल तर पंख्याबरोबर तोही त्यावर जोडून ठेवण्यात शहाणपण आहे.

फवारण्यांकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. झुरळे-डासांसाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माणसांना तुलनेने कमी बाधतात, पण माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून ती थेट पाण्यात मिसळतो. घरात पेस्ट कंट्रोल असेल किंवा गल्लीत धूरफवारणी होत असेल तर खिडक्या बंद कराव्यात, टाकी ओल्या कापडाने झाकावी आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवावा. विष पाण्यात गेलेच असेल तर मोठा पाणीबदल आणि फिल्टरमध्ये ताजा सक्रिय कोळसा हा उपाय आहे. हा कोळसा अशी रसायने शोषून घेतो, अमोनिया नाही.

डोळ्यांना घाबरवणारे काही बदल मात्र तितके गंभीर नसतात. नव्या टाकीत पाणी दुधट होणे ही बहुधा तरंगत्या जिवाणूंची तात्पुरती वाढ असते आणि ती आपोआप ओसरते. हिरवे पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. लाकूड ठेवल्यावर येणारा चहासारखा रंग निरुपद्रवी असतो. याउलट माशांना मारणारे पाणी अनेकदा पूर्ण नितळ असते.

रोगाचे निदान झालेले नसताना निळे औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, किंवा प्रतिजैविके टाकीत ओतणे टाळावे, कारण त्यांनी फिल्टरमधले जिवाणूच मरतात आणि दोन दिवसांनी अमोनियाचे दुसरे संकट उभे राहते. औषध द्यायचेच असेल तर आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून द्यावे. बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंचा अनुभव संमिश्र आहे. परिचितांकडच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज, ओला ठेवून तासाभरात आणलेला, त्याहून खात्रीचा.

पहिला दिवस निभावल्यावरही अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजत राहावे आणि दोन्हींचे आकडे शून्यावर येईपर्यंत थोडे थोडे पाणी बदलत राहावे. ३० टक्के पाणी तीनदा बदलले की मूळच्या घाणीपैकी सुमारे एकतृतीयांश उरते, अर्थात मधल्या काळात नवी भर पडली नसेल तर. खाद्य तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू करावे, तेही एकवेळ आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच. या काळात नवे मासे आणू नयेत. फिल्टरमधून पाणी अगदीच कमी येऊ लागले तर स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत हलकेच खळबळून घ्यावा, आणि स्पंजचे दोन तुकडे असतील तर एका वेळी एकच धुवावा. दुसरा दोन आठवड्यांनी.